गिटारवाल्याचा ध्वनिवर्धक : एका हत्याराचा इतिहास



गडचांदूरसारख्या सिमेंटच्या गावातील कामगार कार्यकर्त्याने जॅझ गिटारवादकांच्या ध्वनिवर्धकांवर बोलावयास उभे राहावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. वेतनकरार, कंत्राटी पद्धत, भविष्य निर्वाह निधी हे आमचे नित्याचे विषय. परंतु ध्वनिवर्धक, म्हणजे ज्याला आपण सगळे अँप्लिफायर म्हणतो, त्याच्याशी माझा संबंध गिटारवाल्यापेक्षा कमी नाही. ज्याने गेटसभेत एकदा भोंग्याशिवाय आणि एकदा भोंग्यासह भाषण केले आहे, त्याला या यंत्राचे मोल निराळे सांगावे लागत नाही. भोंगा नसला म्हणजे पुढच्या दोन रांगा तेवढ्या सभेला असतात. बाकीची माणसे नुसती उभी असतात. ज्याला आवाज नाही त्याला संख्येचाही उपयोग होत नाही, हे मी पुस्तकात वाचले नाही. कारखान्याच्या फाटकावर शिकलो. पुढे वाचनाच्या नादात जॅझचा इतिहास हाती आला, तेव्हा हीच गोष्ट एका वाद्याच्या बाबतीत अक्षरशः घडलेली दिसली. ती आज आपल्यापुढे मांडावयाची आहे.

जॅझ हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे संगीत. गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांच्या वस्त्यांत ते वाढले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत नाचघरांतून जगभर पसरले. १९३० च्या सुमारास या संगीताचे मोठमोठे वाद्यवृंद असत. ट्रंपेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन अशी फुंकून वाजवावयाची डझनभर पितळी वाद्ये, शिवाय पियानो आणि ढोल. या गदारोळात गिटारवाला एका बाजूला बसून चार मात्रांचा ठेका धरी. त्याचे काम महत्त्वाचे खरे, पण ते कोणाला ऐकू जात नसे. आपल्या वारीतील दिंडीत वीणेकरी असतो. टाळमृदंगांच्या कल्लोळात त्याची वीणा कोणाच्या कानी पडते? तरी वीणेवाचून दिंडी नाही. काउंट बेसी यांच्या वृंदातील फ्रेडी ग्रीन हा असाच वीणेकरी. १९३७ पासून १९८७ पर्यंत, पन्नास वर्षे, तो ध्वनिवर्धकाविना ठेका धरीत राहिला. मध्यंतरी त्याने एक ध्वनिवर्धक आणून पाहिला, तेव्हा ठेका सोडून हा स्वतंत्र वाजवू लागेल या धास्तीने सोबत्यांनीच त्यातील काही ना काही काढून तो बंद पाडला, असे सांगतात. गोष्ट विनोदाची आहे, पण तिच्यात एक सत्यही आहे. कालपर्यंत मुका असलेला सोबती बोलू लागला की बाकीच्यांना आपली जागा सरकवावी लागते.

हे यंत्र करते तरी काय? पोलादी तारेखाली एक लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे बसविलेले असते. तार छेडली की चुंबकाचे क्षेत्र थरथरते आणि वेटोळ्यात अत्यंत क्षीण वीज उत्पन्न होते. ती व्होल्टच्या सहस्रांशांत मोजावी लागते. ही क्षीण वीज काचेच्या निर्वात नळीत, म्हणजे व्हॉल्व्हमध्ये, जाते. नळीत तापलेल्या तुकड्यापासून इलेक्ट्रॉनांचा लोंढा निघतो आणि वाटेत एक बारीक जाळी असते. कालव्याच्या दारावर एका माणसाचा हात असतो आणि त्या हाताच्या हालचालीने पाण्याचा सारा लोट कमी-जास्त होतो, तसे येथे घडते. तारेची थरथर म्हणजे दारावरचा हात. लोट विजेच्या जोडणीतून येतो. तो लोट कर्ण्याच्या कागदी पडद्याला हलवितो आणि तारेची कुजबूज सभागृहभर होते. १९०६ साली अमेरिकन संशोधक ली डी फॉरेस्ट याने अशी जाळीची नळी प्रथम बनविली. तिच्यावाचून आपले रेडिओ नव्हते, बोलपट नव्हते आणि आमच्या गेटसभाही नव्हत्या.

गिब्सन कंपनीने १९३६ साली ई.एस. १५० नावाची विजेची गिटार विक्रीस काढली. गिटार, तिच्या जोडीचा ध्वनिवर्धक आणि मधली तार मिळून किंमत सुमारे दीडशे डॉलर. कामगाराच्या हिशेबाने हा आकडा पाहू. १९३८ च्या कायद्याने अमेरिकेत देशव्यापी किमान वेतन ठरले, ते तासाला २५ सेंट. म्हणजे दीडशे डॉलरसाठी ६०० तासांचे श्रम; त्या कायद्यातील ४४ तासांचा आठवडा धरला तर साडेतेरा आठवडे पोटाला काही न खाता काम करावे तेव्हा हा संच हाती येणार. हत्यार इतके महाग होते, हे पुढील कथेत ध्यानात ठेवावयाचे आहे.

चार्ली ख्रिश्चन हा ओक्लाहोमा सिटीतील गरीब कृष्णवर्णीय वस्तीत वाढलेला तरुण. तेथे त्याला रात्रीचे अडीच डॉलर मिळत. त्या मजुरीने पाहिले तर संचाची किंमत साठ रात्रींची. ऑगस्ट १९३९ मध्ये जॉन हॅमंड या संगीतप्रेमी गृहस्थाने त्याला प्रख्यात वृंदनायक बेनी गुडमन यांच्याकडे नेले. गुडमन यांनी प्रथम फारसे लक्ष दिले नाही. तेव्हा ते रात्रीच्या जेवणास गेले असता हॅमंडने चार्लीचा ध्वनिवर्धक सरळ रंगमंचावर नेऊन ठेवविला. गुडमन परतले, एक चीज सुरू केली आणि ती एकच चीज पाऊणएक तास चालली. चार्लीला आठवड्याला दीडशे डॉलरवर नोकरी मिळाली. जे हत्यार मिळवावयास साठ रात्री लागल्या असत्या, त्याच्या किमतीएवढे वेतन आता आठवड्याला मिळू लागले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात 'डाउन बीट' या मासिकात त्याच्या नावाने एक लेख आला. त्यातील सांगणे असे होते की गिटारवाल्यांनी कोपऱ्यात उपाशी बसू नये; विजेची जोड घ्यावी आणि लोकांना आपले वादन ऐकवावे. आमच्या भाषेत याला हाकपत्रक म्हणतात.

येथे आणखी एक गोष्ट संघटनेच्या माणसाला सांगितल्यावाचून राहवत नाही. न्यू यॉर्कच्या हार्लेम भागात मिंटन्स नावाचा एक क्लब होता. रात्रीची नोकरी संपवून वादक तेथे जमत आणि पहाटेपर्यंत मनमुराद वाजवीत. चार्लीचा एक ध्वनिवर्धक तेथे कायमचा ठेवलेला असे. वास्तविक वादक संघटनेचा नियम असा की सभासदाने विनावेतन वाजवू नये, वाजविल्यास दंड. नियम योग्यच होता, कारण फुकट वाजविणाऱ्यामुळे पोटासाठी वाजविणाऱ्याची मजुरी मरते. पण या क्लबचा संस्थापक हेन्री मिंटन हा संघटनेच्या न्यू यॉर्क शाखेचा पहिला कृष्णवर्णीय प्रतिनिधी होता, आणि त्याच्या छत्राखाली दंडाचा बडगा थांबला. त्या मोकळिकीतून बीबॉप ही जॅझची नवी चाल जन्मास आली. नियम मजुरीचे रक्षण करतो. पण कारागिराला स्वतःच्या कलेसाठीही एक जागा लागते, आणि शहाणी संघटना ती राखून ठेवते. चार्ली मात्र फार जगला नाही. क्षयाने तो २ मार्च १९४२ रोजी गेला, वयाच्या पंचविसाव्या वर्षी. गिरणगावच्या चाळींनी हा रोग पुष्कळ पाहिला आहे. तो कलावंत ओळखत नाही, कोंदट खोली ओळखतो.

त्याच्या तबकड्या ऐकून इंडियानापोलिसचा वेस माँटगोमेरी शिकला. हा तर दिवसपाळीचा कारखाना कामगारच होता. दिवसा कारखाना, रात्री क्लब, आणि तो मिटल्यावर पहाटेपर्यंत दुसरा क्लब. घरी ध्वनिवर्धक लावला तर शेजारी कुरकुरत. म्हणून त्याने नखी टाकून दिली आणि नुसत्या अंगठ्याने तारा छेडू लागला. आवाज मऊ आला. तो अंगठा पुढे जगात नावाजला. आवाज मोठा करणारे यंत्र घरात आले आणि त्याच्यामुळेच बोट हलके झाले! दाटीच्या वस्तीत राहणाऱ्या कामगाराची अडचण ही एका शैलीची जननी ठरली.

आता आपल्या देशाकडे येऊ. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ साली लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वृंद आला, आणि मुंबईला खऱ्या जॅझची ओळख झाली. ते शिकून घेतले मुख्यतः गोव्याच्या वादकांनी. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून पोरांना स्वरलेखन वाचावयास शिकवीत. त्या विद्येवर ही मुले पोटासाठी मुंबईस येत आणि आपापल्या गावाच्या कुडात, म्हणजे सामाईक बिऱ्हाडात, राहत. तेथे माणसाची मालमत्ता म्हणजे एक पेटी आणि एक वाद्य. आल्दोन्याचे अँटोनियो झेवियर वाझ हे 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रंपेटवर गाजले. मिकी कोरिया यांचा वृंद १९३९ पासून दोन दशकांहून अधिक काळ ताजमध्ये वाजत होता. पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला, नाचघरांची रया गेली आणि ही मंडळी बोलपटांच्या वाद्यवृंदांत शिरली. १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटात सी. रामचंद्र यांच्या संगीताला जो विलायती झोक आहे, त्यात चिक चॉकलेट यांचा हात आहे. गाणे घराघरांत गेले. वाजविणाऱ्यांची नावे बहुधा पडद्यावर आलीच नाहीत.

या परंपरेतील गिटारवाला म्हणजे अमान्सियो डिसिल्व्हा. जन्म मुंबईचा, १९३६ चा, घराणे गोव्याचे. गिटार तो आपली आपणच शिकला. हॉटेलांतून वाजवीत तो राजस्थानात गेला आणि जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी यांनी वादनावर खूश होऊन त्याला गिब्सन गिटार घेऊन दिली, असे त्याच्या चरित्रात नमूद आहे. देणाऱ्याचे औदार्य मोठे, यात शंका नाही. परंतु एवढ्या गुणी वादकाला चांगले हत्यार राजवाड्यातून मिळावे लागले, हेही आपण पाहिले पाहिजे. स्वातंत्र्यानंतर परकी चलन वाचविण्यासाठी आयातीवर कडक नियंत्रण होते. कारखान्यांची यंत्रे आधी आणि गिटारी मागाहून, हा क्रम गरीब देशाला सोडवत नाही. त्यातून कोणी अमेरिकन ध्वनिवर्धक आणलाच, तर तो एकशेवीस व्होल्टांचा, आणि आपली वीज दोनशेतीस व्होल्टांची. मध्ये रोहित्र न घालता जोडला तर धूरच निघावयाचा. डिसिल्व्हा १९६७ मध्ये लंडनला गेला. तेथे जमैकाचा सॅक्सोफोनवादक जो हॅरियट याच्याबरोबर १९६९ साली त्याने 'हम दोनो' ही तबकडी केली. १९७२ मध्ये ध्वनिमुद्रित केलेली 'कोकण डान्स' मात्र पडून राहिली. ती बाहेर आली २००६ साली, आणि वादक १९९६ मध्येच वारला होता. कोकणच्या नावाने वाजविलेली गिटार लंडनच्या कपाटात चौतीस वर्षे मुकी राहिली. म्हणजे हत्यार आपले झाले तरी काम पुरत नाही. आवाज बाजारात नेण्याची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असू शकते. इकडे कलकत्त्याला कार्ल्टन किट्टो यांनी २०१६ मध्ये निधन होईपर्यंत बीबॉपची गिटार चालू ठेवली, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

आज जगभरचे जॅझ गिटारवादक जुने ध्वनिवर्धक जमवितात. एकेकाकडे चार-चार, पाच-पाच असतात. बाहेरच्या माणसाला हे वेड वाटते, कारण ट्रान्झिस्टर आला, संगणकाने जुन्या यंत्राची नक्कल करणारी लहान डबी आली आणि ओझे वाहण्याचे कारण उरले नाही. फेंडर कंपनीचा 'ट्विन रिव्हर्ब' हा सुमारे २९ किलो भरतो. आमच्या सिमेंटच्या पोत्याच्या निम्म्याहून जास्त! तरी म्हातारे वादकसुद्धा तो जिन्यावरून चढवितात. कारण असे की प्रत्येक यंत्राचा कंठ निराळा असतो. नळी मर्यादेजवळ आली की स्वर किंचित जाड, उबदार होतो. कर्ण्याचा कागद, लाकडाची पेटी, रोहित्राचे वेटोळे, प्रत्येकाचा त्यात वाटा असतो. सुताराला आपला रंधा आणि गवंड्याला आपली थापी जशी हातात ओळखू येते, तसेच हे आहे.

या संग्राहकांना एक गंमत ठाऊक असते. १९५० च्या दशकातील फेंडरचे ध्वनिवर्धक मागून उघडले की आत चिकटपट्टीचा एक तुकडा सापडतो आणि त्यावर जोडणी करणाऱ्या कामगार स्त्रीचे नाव असते, नुसते पहिले नाव. कॅलिफोर्नियातील त्या कारखान्यात यांपैकी पुष्कळजणी मेक्सिकन वंशाच्या होत्या. तसेच आपल्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे. १९५४ साली स्थापन झालेल्या या सरकारी कारखान्यात १९६० च्या दशकात रेडिओच्या नळ्या बनू लागल्या. त्यांचे उत्पादन केव्हाच थांबले, परंतु त्या छापाच्या जुन्या नळ्या आज परदेशांतील शौकीन हुडकून हुडकून आपल्या ध्वनिवर्धकांत बसवितात. आपल्या देशाने गिटारवाल्याला ध्वनिवर्धक सुखासुखी मिळू दिला नाही. पण त्याच देशातील कामगारांच्या हातची नळी आज दूरदेशीच्या गिटारीला कंठ देते.

श्रोतेहो, इतिहास लिहिणारे बहुधा वादकाचे नाव लिहितात, फार तर कंपनीचे लिहितात. पण कोपऱ्यात बसलेल्या माणसाला आवाज देण्याचे जे काम झाले, त्यात साठ रात्रींची मजुरी मोजणारा वादक आहे, बंगळूरची नळी भरणारे हात आहेत आणि चिकटपट्टीवर सही करणारी ती जोडारीणही आहे. हत्यार ज्याचे त्याला आवाज मिळतो, ही एक गोष्ट. आणि ते हत्यार कोणीतरी दुसऱ्या कामगाराने घडविलेले असते, ही दुसरी. पहिली गोष्ट गिटारवाल्यांनी १९३९ मध्ये ओळखली. दुसरी ओळखण्यासाठी यंत्राची मागची फळी उघडून पाहावी लागते. ती सवय आपण सर्वांनी लावून घ्यावी, इतकेच सांगून आपली रजा घेतो.