बजाज आणि हिरो होंडा : वाळूजच्या माळापासून सुरू होणारी एका स्पर्धेची कथा

नोव्हेंबर १९८५. औरंगाबादजवळच्या (आजचे छत्रपती संभाजीनगर) वाळूज येथे राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते बजाज ऑटोच्या नव्या कारखान्याचे उद्घाटन झाले. अवघ्या १६ महिन्यांत उभा राहिलेला हा कारखाना मराठवाड्याच्या औद्योगिक इतिहासातील मोठी घटना होती. पण त्याच वर्षी, काही महिने आधी, हरियाणातील धारूहेडा येथून हिरो होंडाची पहिली ‘सीडी १००’ बाहेर पडली होती. पुढची तीन दशके या दोन कारखान्यांच्या हिशेबांत एकमेकांचीच सावली पडलेली दिसते.

बजाजची तेव्हाची स्थिती आज अविश्वसनीय वाटेल. इटलीच्या पियाजिओशी असलेला करार १९७१ मध्ये संपला, पुढच्याच वर्षी ‘चेतक’ आली आणि परवाना राज्याच्या त्या काळात तिच्यासाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादी असे. ज्याच्या दारात ग्राहकांची रांग असते तो उत्पादन वाढवण्याचा विचार करतो, उत्पादन बदलण्याचा नव्हे. वाळूजचा कारखाना हे त्याच विचाराचे अपत्य होते.

लुधियानाच्या मुंजाल बंधूंची गोष्ट नेमकी उलटी. हाती सायकलींचा प्रचंड व्यवसाय, गावोगावी विक्रेते. मात्र मोटारसायकलीचे तंत्रज्ञान नाही. १९८४ मध्ये त्यांनी जपानच्या होंडाशी भागीदारी केली. इंजिन होंडाचे, बाजारपेठ मुंजालांची.

जपानी भागीदार बजाजकडेही होता. कावासाकीच्या साहाय्याने ‘केबी १००’ १९८६ मध्ये बाजारात आली. फरक इंजिनात होता. केबी १०० टू-स्ट्रोक होती. अशा इंजिनात थोडे इंधन न जळताच धुराबरोबर बाहेर जाते. होंडाचे इंजिन फोर-स्ट्रोक होते, त्यामुळे तेवढ्याच पेट्रोलमध्ये ते बरेच लांब जाई. हिरो होंडाच्या जाहिरातीचा आशयही एवढाच होता : एकदा टाकी भरा आणि विसरून जा. नोकरदाराला आणखी काय हवे असते? बजाजची पहिली फोर-स्ट्रोक मोटारसायकल, ‘४एस चॅम्पियन’, १९९१ मध्ये आली. या पाच वर्षांच्या विलंबाचा दोष अभियंत्यांना देण्यात अर्थ नाही. स्कूटर इतकी कमावत होती की घाई करण्याचे कारणच कोणाला दिसले नसावे.

१९९४ मध्ये ‘स्प्लेंडर’ आली. ग्राहक स्कूटरकडून मोटारसायकलीकडे वळत राहिला आणि २००१ मध्ये हिरो होंडा संख्येच्या दृष्टीने जगातील सर्वांत मोठी दुचाकी कंपनी ठरली.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बजाजने ‘पल्सर’ आणली : १५० आणि १८० सीसी. मायलेजच्या लढाईत स्प्लेंडरला हरवणे अवघड होते, म्हणून बजाजने लढाईचे मैदानच बदलले. गाडी काटकसरी बापासाठी नव्हे, तर महाविद्यालयीन मुलासाठी होती. २००३ मध्ये दोन स्पार्क प्लगचे ‘डीटीएस-आय’ तंत्र तिच्यात आले. कावासाकीवरचे अवलंबन आता सुटत चालले होते.

यशाने मात्र थोडा अतिआत्मविश्वासही दिला. २००७ मध्ये राजीव बजाज यांनी १०० सीसीचा वर्ग सोडून १२५ सीसीवर भर देण्याचे ठरवले. २००९ मध्ये ‘डिस्कव्हर १००’ घेऊन कंपनीला त्याच वर्गात परतावे लागले. २००९ च्याच अखेरीस स्कूटर बंद करण्याची घोषणा झाली. तोवर होंडाची ‘अॅक्टिव्हा’ घरोघरी पोहोचू लागली होती. चेतकच्या कंपनीने सोडलेली जागा होंडाने घ्यावी, यात एक विचित्र काव्यगत न्याय आहे. आकुर्डीच्या जुन्या कारखान्यातील वाहन उत्पादन २००७ मध्येच थांबले होते.

वाळूज मात्र टिकले. त्याचा आधार नुसती देशी बाजारपेठ नव्हती. होंडाशी असलेल्या करारामुळे हिरोला निर्यातीची मोकळीक फारशी नव्हती. स्वतःच्या रचनेच्या गाड्या विकणाऱ्या बजाजला तशी परवानगी कोणाकडे मागावी लागत नव्हती. ‘बॉक्सर’ आफ्रिकेत प्रवासी वाहतुकीची मोटारसायकल झाली, तर वाळूजला बनणारी तीनचाकी परदेशातल्या रस्त्यांवर धावू लागली. शहरातही या कारखान्याभोवती सुट्या भागांचे उद्योग उभे राहिले. राहुल बजाज यांचे जुळे भाचे अनुरंग आणि तरंग जैन यांनी १९८० च्या दशकात येथेच बजाजला सुटे भाग पुरवण्यास आरंभ केला. आजच्या एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉक या कंपन्यांचे मूळ तेथे आहे.

हिरोसमोर खरा प्रश्न डिसेंबर २०१० मध्ये उभा राहिला. होंडाने भागीदारी सोडण्याचे ठरले. सव्वीस वर्षे ज्या इंजिनावर साम्राज्य उभे होते ते दुसऱ्याचे होते. २०११ मध्ये नाव ‘हिरो मोटोकॉर्प’ झाले, २०१६ मध्ये जयपूरजवळ स्वतःचे संशोधन केंद्र सुरू झाले. बजाजने जी किंमत आधी मोजली होती ती हिरोला उशिरा मोजावी लागली. तरीही देशांतर्गत विक्रीतील हिरोचे अग्रस्थान ढळले नाही. होंडा इंजिन परत घेऊ शकत होती. गावातला विक्रेता आणि त्याची ओळख नव्हे.

जानेवारी २०२१ मध्ये दोन बातम्या काही दिवसांच्या अंतराने आल्या. एक लाख कोटी रुपयांचे बाजारमूल्य ओलांडून बजाज ऑटो जगातील सर्वाधिक मूल्याची दुचाकी कंपनी ठरली. आणि हरिद्वारच्या कारखान्यातून हिरोची दहा कोटीवी गाडी बाहेर पडली.