बर्फातला शिपाई आणि त्याचा पोशाख



बेळगावला सैन्यभरतीचे दिवस जवळ आले की निपाणी, खानापूर, चंदगड या भागांतील मुले पहाटेच्या अंधारात रस्त्याने धावताना दिसू लागतात. माझ्या वर्गात बसून गेलेली काही मुलेही त्यांत असतात. आमच्या मुलखात ऐन पौषातही पारा दहा अंशांच्या खाली क्वचितच उतरतो. हीच मुले मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बेळगाव येथील केंद्रात शिकून बाहेर पडतात आणि पुढे कधी अशा ठिकाणी उभी राहतात, जेथे पारा शून्याखाली चाळीस अंशांपर्यंत जातो. त्या वेळी त्यांच्या अंगावर काय असते, आणि ते कोणी व केव्हा निवडलेले असते? हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. त्याला मोठा इतिहास आहे.

आपल्याकडे उबेचे वस्त्र म्हणजे घोंगडी. दख्खनी मेंढीची राठ काळी लोकर, खड्ड्याच्या मागावर विणलेली आणि चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेली. ती अंगाला टोचते. परंतु धनगर भर पावसात तीच पांघरून रानात बसतो आणि तगतो. याचे कारण असे, की खरी ऊब लोकरीच्या तंतूंमध्ये कोंडून राहिलेल्या हवेची असते. लोकर भिजली तरी ती हवा पुष्कळशी टिकून राहते. सुती कापड मात्र भिजले की अंगाला चिकटते, हवेला जागा उरत नाही आणि शरीराची उष्णता झपाट्याने निघून जाते. धनगराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेली ही गोष्ट राज्यकर्त्यांना व सेनापतींना मात्र पुनःपुन्हा नव्याने शिकावी लागली.

१७६० च्या मार्च महिन्यात दक्षिणेतून निघालेली मराठी फौज नोव्हेंबरात पानिपतावर अडकून पडली. १४ जानेवारी १७६१ रोजी, ऐन थंडीत, युद्ध झाले. फौजेचा घात प्रथम उपासमारीने केला हे खरे. तथापि उन्हाळ्यात निघालेल्या दख्खनी माणसाला उत्तरेचा हिवाळा उघड्या मैदानावर काढावा लागला, हेही विसरून चालणार नाही. समोरच्या अफगाणाला मेंढीच्या कातड्याचा पोस्तीन ही घरची रोजची गोष्ट होती.

दीडशे वर्षांनी तेच घडले. १९१४ च्या सप्टेंबरअखेर हिंदी सैन्य फ्रान्समधील मार्सेय बंदरात उतरले ते खाकी सुती गणवेशात. गरम कपडे मागाहून, थोडे थोडे करून आले. चिखलपाण्याने भरलेल्या खंदकांत पाय सुजून सडू लागले, तेव्हा कोरड्या मोज्यांचे मोल कळले.

स्वतंत्र भारतानेही हा धडा महाग किमतीत घेतला. २० ऑक्टोबर १९६२ रोजी नामका चूच्या काठी चिनी हल्ला झाला, तेव्हा आपल्या अनेक जवानांच्या अंगावर उन्हाळी सुती कपडे होते आणि पायांत कॅनव्हासचे बूट. देश हळहळला. घरोघरी स्त्रियांनी जवानांसाठी स्वेटर विणले. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण त्याच नोव्हेंबरात संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. त्या स्वेटरांमागची माया अमोल होती. परंतु वारा अडविणारे कवच वरून नसेल तर नुसत्या स्वेटरातून तो आरपार जातो. मायेला पूर्वतयारीची जागा घेता येत नाही.

१३ एप्रिल १९८४ रोजी सियाचीनवर आपले सैनिक उतरले. त्यांच्यासाठी युरोपातून मागविलेला खास पोशाख हाती आला तो आदल्या दिवशी, १२ एप्रिलला! एका दिवसाचा उशीर झाला असता तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही.

एकदा सुटीवर घरी आलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला मी विचारले, "तिथे सर्वांत मोठी भीती कशाची रे?" मला वाटले, तो थंडीचे किंवा शत्रूचे नाव घेईल. तो म्हणाला, "सर, घामाची."

मग त्याने समजावून सांगितले. चढण चढताना घाम येतो. थांबले की तोच घाम गोठू लागतो. म्हणून अंगालगत घाम शोषून बाहेर टाकणारा पातळ थर, त्यावर ऊब धरणारा जाड थर आणि सर्वांत वर वारा अडविणारा थर. चालताना एखादा थर उतरवायचा, थांबताच चढवायचा. बूट घट्ट नकोत. रक्त फिरले नाही तर हिमदंश होतो आणि बोटे जातात.

बर्फावर सामान व माणसे नेणाऱ्या स्नो स्कूटरवर तर संकट आणखी वेगळे असते. शून्याखाली वीस अंश थंडीत ताशी चाळीस किलोमीटर वेगाने गेले, तर उघड्या कातडीला ती थंडी शून्याखाली चौतीस अंशांसारखी झोंबते. शिवाय चालणाऱ्याच्या अंगात उष्णता निर्माण होते, बसलेल्याच्या अंगात फारशी नाही. म्हणून त्याचे कपडे चालणाऱ्यापेक्षा जाड हवेत. तोंड, मनगटे, मान यांपैकी काहीही उघडे राहता कामा नये, आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

आणि तरीही, २०१५ ते २०१८ या काळाविषयीच्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात बर्फातील चष्म्यांची टंचाई आणि जुन्या धर्तीची जाकिटे व मुखवटे यांची नोंद आहे. तो अहवाल २०२० साली संसदेपुढे आला.

कपड्याने सर्वच संकटे टळतात असे नाही. आमच्या शेजारच्या धारवाड जिल्ह्यातील बेटदूरचे लान्सनायक हणमंतप्पा कोप्पद २०१६ च्या फेब्रुवारीत सियाचीनवर हिमकड्याखाली गाडले गेले, सहा दिवसांनी जिवंत सापडले आणि ११ तारखेस दिल्लीच्या रुग्णालयात गेले. निसर्गापुढे माणूस हरतो तो असा. परंतु जेथे दोन मोजे, एक चष्मा, एक कोरडा सदरा यांनी माणूस वाचू शकतो, तेथे तो मरू नये, एवढे तर आपल्या हाती आहे.

वर्गात इतिहास शिकवताना मी वर्षानुवर्षे शौर्याच्या गोष्टी सांगितल्या. शूराला थंडी वाजत नाही, असाच मुलांचा समज होत असावा. आता मी पानिपताचा धडा घेताना घोंगडीचेही सांगतो. कारण हिवाळ्याचे कपडे उन्हाळ्यात विकत घ्यावे लागतात, आणि ते काम शिपायाचे नव्हे. त्याला तेथे पाठविणाऱ्या आपणा सर्वांचे आहे.