दूरच्या भेटीचे गणित

मुंबई-गोवा महामार्गावर कसालला मालवणचा फाटा फुटतो. तेथून थोडे दक्षिणेला ओरोस, म्हणजेच सिंधुदुर्गनगरी हे जिल्ह्याचे मुख्यालय लागते. २००७ साली महाराष्ट्र शासनाने दूरवैद्यकाचा प्रकल्प सुरू केला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाशी नंदुरबार, लातूर, बीड, सातारा आणि सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांची रुग्णालये जोडली गेली. रुग्ण व त्याचा डॉक्टर जिल्ह्यात, तज्ज्ञ परळमध्ये आणि भेट पडद्यावर! आजारी माणसाला घेऊन रात्रभर प्रवास करून मुंबई गाठणाऱ्या कोकणातल्या माणसाला या सोयीचे मोल सांगायला नको.

पण मग एक प्रश्न पडतो. दूरध्वनीचा शोध १८७६ सालचा. आवाजामागोमाग चित्र पोचायला शंभराहून अधिक वर्षे का लागावीत?

प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९३६ साली जर्मनीच्या टपाल खात्याने बर्लिन ते लाइपझिग अशी चित्रदूरध्वनीची सार्वजनिक सेवा सुरू केली होती. महायुद्धात ती बंद पडली. पुढे १९७० साली अमेरिकेतील ए. टी. अँड टी. कंपनीने पिट्सबर्ग शहरात ‘पिक्चरफोन’ आणला. मोठ्या कंपन्या आपल्या कार्यालयांसाठी तो घेतील, अशी तिची अपेक्षा होती. भाडे होते दरमहा १६० डॉलर. गिऱ्हाइके फारशी मिळालीच नाहीत. बोलताना आपला चेहरा दिसावा असे अनेकांना वाटत नव्हते, हे एक कारण. दुसरे कारण भौतिकीतले. दूरध्वनीवरच्या आवाजाला सुमारे ४ हजार हर्ट्झ रुंदीची वाट पुरते. पिक्चरफोनच्या चित्राला १० लाख हर्ट्झ लागत. म्हणजे एका चेहऱ्यासाठी अडीचशे संभाषणांची जागा!

वाट रुंद करणे हा एक उपाय. ओझे हलके करणे हा दुसरा. तो गणिताने सापडला. बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेत कॅन्सास स्टेट विद्यापीठात शिकवत होते. १९७२ साली त्यांनी चित्रातील माहिती आटोपशीर करण्याच्या एका रीतीवर काम करण्यासाठी अनुदान मागितले. कल्पना फारच सोपी वाटल्याने ते नाकारले गेले. अहमद यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी १९७४ साली ते प्रसिद्ध केले. या रीतीचे नाव ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’. १९९० साली मान्य झालेल्या चित्रपरिषदेच्या ‘एच. २६१’ या आंतरराष्ट्रीय मानकाचा ती पाया ठरली.

थोडा हिशेब फळ्यावर मांडू. या मानकातील मोठ्या चित्रात ३५२ × २८८ म्हणजे १,०१,३७६ ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्यामागे सरासरी १२ बिट आणि सेकंदाला ३० चित्रे धरली, तर सेकंदाला सुमारे ३ कोटी ६५ लाख बिट होतात. त्या काळची अंकीय दूरध्वनी वाहिनी सेकंदाला ६४ हजार बिट नेई. अशा ३० वाहिन्या एकत्र केल्या, तरी ओझे १९ पट जास्तच!

ते कमी कसे करायचे? पहिली युक्ती वर्गातच दाखवता येईल. विद्यार्थ्यांना क्षणभर डोळे मिटायला सांगा. तेवढ्यात आपला हात वर करा आणि काय बदलले ते विचारा. भिंत, फळा, खिडकी जागच्या जागी. बदलला फक्त हात. यंत्रही तेवढा बदलच पाठवते. दुसरी युक्ती अहमद यांची. चित्राचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोन ढोबळ व बारीक नक्षींच्या बेरजेत मांडायचा. बारीक नक्षींचा वाटा बहुधा नगण्य असतो. तो गाळला तरी डोळ्याला चुकल्यासारखे वाटत नाही.

मात्र गाळायचे काय, हे चित्र कशासाठी हवे यावर ठरते. बोलणाऱ्याच्या सदऱ्याची वीण गेली तर बिघडत नाही; पण क्ष-किरण चित्रात हाडाची बारीक चीर हीसुद्धा ‘बारीक नक्षी’च असते! म्हणून दूरवैद्यकात बोलण्यासाठी हलते चित्र आणि निदानासाठी जास्त बारकाव्याचे स्थिर चित्र वेगळे पाठवतात.

२०२० साली शाळा बंद झाल्या, तेव्हा हेच गणित आपल्या हातातल्या फोनमध्ये चालू होते. वाट अरुंद झाली, की यंत्र आधी बारकावे सोडते, मग हालचाल अडखळते आणि शेवटी चित्रच जाते. टेकडीवर रेंज शोधत बसलेल्या कोकणातल्या मुलांनी हे सारे टप्पे पाहिले आहेत. गणिताने ओझे कितीही हलके केले, तरी गावापर्यंत वाट पोचवण्याचे काम उरतेच. ते गणिताचे नाही, आपले आहे.