चार पिढ्यांची पुंजी

'आधीच्या पिढ्यांनी उतारवयासाठी काहीच साठवले नाही,' असे आपल्यातला शिकलेला तरुण म्हणतो. 'आजची पोरे हातात आलेला पैसा उडवतात,' असे सेवानिवृत्त पिढी म्हणते. बचत हा माणसाच्या स्वभावाचा गुण आहे, ही समजूत या दोन्ही तक्रारींच्या मुळाशी आहे. दलितांच्या चार पिढ्यांच्या श्रमाचा इतिहास तपासला तर ती टिकत नाही. म्हातारपणासाठी किती उरले, हे माणसाच्या काटकसरीपेक्षा या व्यवस्थेने त्याला कोणते काम करू दिले यावर ठरत आले आहे.

पहिली पिढी वतनाची. महार वतनात निवृत्ती नावाची गोष्टच नव्हती. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने वतनाला सरकारी चौकट दिली. मोबदला म्हणजे हाडोळ्याची जमीन आणि गावाकडून मिळणारे बलुते. वाटेकरी वाढत गेले, जमिनीचे तुकडे होत गेले. ज्याच्या हाती रोख पैसाच नाही त्याने साठवायचे काय? बाप थकला की वेसकराची काठी मुलाच्या हाती येई. बापाच्या म्हातारपणाची तरतूद मुलाच्या श्रमातून होई आणि तिची किंमत मुलाच्या शिक्षणाने चुकती केली जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या गुलामीची गाठ सोडवण्यासाठी. ते त्यांना मागे घ्यावे लागले. वतने संपली ती १९५८ च्या कायद्याने. जमीन परत मिळाली तीही कब्जेहक्काची रक्कम भरून, आणि सरकारी परवानगीवाचून विकता येणार नाही या अटीवर.

दुसरी पिढी गाव सोडून मुंबईच्या गिरणीत आली. तिथे रोख पगार होता, पण जात गेटाबाहेर राहिली नाही. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून जास्त पगाराच्या विणकामखात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. पुढे १९५२ मध्ये भविष्यनिर्वाह निधीचा कायदा झाला. कामगाराच्या पगारातून सव्वासहा टक्के, म्हणजे रुपयामागे एक आणा, आणि तेवढेच मालकाकडून. कायदा सर्वांना सारखाच होता. पण फंड हा पगाराचा हिस्सा. ज्यांची उमेदीची वर्षे कमी पगाराच्या खात्यांत गेली त्यांचा फंडही कमीच साठला. सुरुवातीच्या नियमांत सभासद होण्यासाठी वर्षभराची सलग नोकरी किंवा २४० दिवसांचे काम लागे, त्यामुळे बदली कामगार कितीतरी काळ बाहेरच राही. म्हणजे अस्पृश्यता फंडाच्या हिशेबातही उतरली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, आणि म्हातारपणासाठी ठेवलेली पुंजी अनेक घरांत चूल पेटती ठेवण्यातच संपली.

तिसरी पिढी राखीव जागांची. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांच्या प्रयत्नाने १९४३ मध्ये केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवल्या गेल्या. १९७० मध्ये हे प्रमाण १५ टक्के झाले. या नोकरीबरोबर निवृत्तिवेतन आले. पुऱ्या सेवेनंतर शेवटच्या पगाराच्या सुमारे निम्मी रक्कम, तीही मरेपर्यंत. आपल्या समाजाला म्हातारपणाची खात्रीची हमी पहिल्यांदा मिळाली ती इथे. तरीही या पिढीच्या पासबुकात फारसे साठले नाही. भावंडांच्या फिया, गावाकडचे घर, बहिणींची लग्ने हे सारे एकाच पगारावर चालले. ती उधळपट्टी नव्हती. मागच्या पिढ्यांची थकबाकी ही पिढी फेडत होती.

आणि आपली चौथी पिढी? आपण पदव्या घेऊन दाराशी पोचलो तेव्हा दारच बदलले होते. १ जानेवारी २००४ पासून केंद्राने आणि १ नोव्हेंबर २००५ पासून महाराष्ट्राने नव्या कर्मचाऱ्यांसाठी जुने निवृत्तिवेतन बंद केले. हमीच्या जागी बाजारावर अवलंबून असलेले खाते आले. त्याविरुद्ध मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचारी संपावर गेले. १ एप्रिल २०२५ पासून केंद्राने एकीकृत योजनेत २५ वर्षांच्या सेवेनंतर निम्म्या मूळ वेतनाची हमी पुन्हा मान्य केली. पण ही हमी पदावर असलेल्याची. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला आणि कंत्राटी सफाई कामगाराला पदच नाही. मुंबईतील २,७०० सफाई कामगारांना कायम होण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडावे लागले. निकाल लागला २०१७ मध्ये. आरक्षण पदांना असते, कंत्राटाला नसते. पद गेले की आरक्षण जाते आणि त्यामागोमाग म्हातारपणही उघडे पडते.

या चारही पिढ्यांत न बसणारी एक बाई आहे: शेतमजूर. तिला फंड नाही, वेतन नाही. १९९५ मध्ये केंद्राने वृद्धांसाठी योजना काढली ती महिना ७५ रुपयांची. आजही साठ ते एकोणऐंशी वयासाठी केंद्राचा वाटा २०० रुपयेच आहे. राज्य त्यात भर घालते, पण ते अनुदान म्हणून. आयुष्यभर दुसऱ्याचे शेत पिकवणारीला दारिद्र्याचा दाखला दाखवल्यावर मिळते ते अनुदान, आणि साहेबाला मिळते ते निवृत्तिवेतन. हा शब्दांतला फरक विचारपूर्वक वाचावा. एकाच्या श्रमाला सेवा मानले आहे, दुसरीच्या श्रमाला नाही.

म्हणून पिढ्यापिढ्यांनी एकमेकांच्या खर्चाचे हिशेब काढणे थांबवावे. आपल्या संघटनांनी पदावरच्यांच्या जुन्या निवृत्तिवेतनासाठी जरूर लढावे. पण त्याच मोर्चात कंत्राटी कामगार आणि शेतमजूर बाई नसेल, तर तो लढा तिसऱ्या पिढीपाशीच थांबेल. म्हातारपण हा श्रमाचा हक्क आहे, ही मागणी त्यांना बरोबर घेऊनच करावी लागेल.