अल्फा, ब्राव्हो, चार्ली

इंग्रजीतली बी, सी, डी, जी, पी, टी, व्ही ही अक्षरं एका दमात म्हणून बघा. शेपूट सगळ्यांचं एकच. खरखरत्या रेडिओवर व्यंजन विरून जातं आणि ऐकणाऱ्याला मिळते नुसती 'ई'. तोफखान्याला नकाशातला चौकोन सांगताना डीचा बी झाला, तर गोळे आपल्याच माणसांवर पडायचे. म्हणून अक्षराऐवजी अख्खा शब्द म्हणायची रीत पडली.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सिग्नलवाले ए साठी 'ॲक' म्हणत, पी साठी 'पिप'. विमानविरोधी (इंग्रजीत 'ए-ए') तोफांचं 'ॲक-ॲक' हे नाव तिथलंच. पण ही झाली एका घरातली बोली. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांना एकमेकांशी बोलायची वेळ आली. अमेरिकेच्या भूदल-नौदलाने १९४१ मध्ये 'एबल, बेकर, चार्ली, डॉग' ही एकच माळ ठरवली आणि पुढे ब्रिटिश विमानदलानेही ती उचलली. ६ जून १९४४ च्या चढाईसाठी नॉर्मंडीचा किनारा याच शब्दांनी वाटून घेतला होता: अमेरिकनांच्या ओमाहावर 'डॉग ग्रीन' आणि 'ईझी रेड', ब्रिटिशांच्या सोर्डवर 'क्वीन' आणि 'रॉजर'. निरोप पोचला, हे सांगणारा 'रॉजर' त्याच माळेतला. आर अक्षराचा शब्द केव्हाच बदलला, पण रॉजर जागचा हलला नाही.

शांतता आली तशी या माळेची खोड दिसली. 'जिग', 'टेअर', 'हाऊ' हे शब्द इंग्रजी जिभेचे. फ्रेंच किंवा स्पॅनिश वैमानिकाने काय करायचं? आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटना माँट्रियलची. तिथल्याच विद्यापीठातले भाषातज्ज्ञ झाँ-पॉल विने यांनी इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश तिघींना पेलतील असे शब्द जमवले. १ नोव्हेंबर १९५१ पासून नवी माला लागू झाली. सी म्हणजे 'कोका', एम म्हणजे 'मेट्रो', एन म्हणजे 'नेक्टर', एक्स म्हणजे 'एक्स्ट्रा'. कागदावर देखणी, रेडिओवर अडखळणारी! डेल्टा, नेक्टर, व्हिक्टर आणि एक्स्ट्रा यांची आपसात गल्लत होई. काही जण वैतागून सरळ जुन्या एबल-बेकरकडे परतले.

मग आली खरी मेहनत, आणि मला या कथेचं कौतुक वाटतं ते इथेच. ३१ देशांच्या लोकांना खरखरीत शब्द ऐकवून कोण कुठे चुकतो ते तपासलं गेलं. त्यात एक मासलेवाईक गोष्ट निघाली: एफ साठी एकटा शब्द ऐकवला तर 'फुटबॉल' हा 'फॉक्सट्रॉट'पेक्षा चटकन कळतो, पण लांबलचक बोलण्यात फॉक्सट्रॉट सरस ठरतो. म्हणून फॉक्सट्रॉटच राहिला. बदलले पाचच शब्द: चार्ली, माइक आणि एक्स-रे जुन्या माळेतून परत आले, नोव्हेंबर आणि युनिफॉर्म नवे आले. १९५६ मध्ये ही माला नागरी विमानांनी आणि नाटोच्या सैन्यांनी स्वीकारली.

स्पेलिंगंही मुद्दाम वाकवलेली आहेत. 'अल्फा'त पीएच नाही, एफ आहे, कारण पीएच म्हणजे 'फ' हे सगळ्यांनाच ठाऊक नसतं. 'ज्युलिएट'ला शेवटी दोन टी. एकच असता तर फ्रेंच माणसाने तो गिळला असता.

नाटोशी आपला संबंध नाही, तरी भारतीय पलटणीत डी कंपनीला 'डेल्टा कंपनी'च म्हणतात, आणि भारतात नोंदलेल्या प्रत्येक नागरी विमानाचं नोंदणीचिन्ह रेडिओवर 'व्हिक्टर टँगो'ने सुरू होतं.