गिझर बिघडला, तर घराचा विमा कामी येतो का?

मराठवाड्यातील घरांत संपूर्ण घर उबदार ठेवणारी केंद्रीय यंत्रणा सहसा आढळत नाही. घनसावंगीसारख्या तालुक्याच्या गावी डिसेंबर-जानेवारीतील पहाटेचा गारठा निभावून नेण्याचे काम न्हाणीघरातील गिझर किंवा गच्चीवरील सौर बंबच करतो. पूर्वी तांब्याचा बंब गळू लागला, तर त्याला डाग देऊन आणला की काम भागत असे. आजची उपकरणे महाग आहेत आणि त्यांची दुरुस्तीही स्वस्त नाही. गृहकर्ज घेताना पुष्कळदा घराचा विमा उतरवलेला असतो, त्यामुळे हा खर्च विमा कंपनी देईल असा अनेकांचा समज होतो. हा समज बहुतांशी चुकीचा आहे. दुसरीकडे, जेथे भरपाई मिळू शकते तेथे अनेकजण दावाच करीत नाहीत. हे दोन्ही तोटे टाळायचे, तर विम्याची मूळ भूमिका समजून घ्यायला हवी.

विमा कशाचा असतो?

भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने 1 एप्रिल 2021 पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी लागू केली. आग व तत्सम संकटांचा विमा विकणाऱ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ती देणे बंधनकारक करण्यात आले. त्यामुळे कंपनी कोणतीही असली, तरी या पॉलिसीचा गाभा सारखाच असतो.

या पॉलिसीत संकटांची यादी दिलेली असते. आग, स्फोट, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणे, वाहन किंवा झाड आदळणे, दंगल, दहशतवादी कृत्य, तसेच पाण्याच्या टाक्या, उपकरणे व नळ फुटणे किंवा ओसंडून वाहणे ही त्यांतील प्रमुख संकटे होत. यांपैकी एखाद्या कारणाने नुकसान झाले, तरच भरपाईचा प्रश्न उद्भवतो. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपाने क्षणार्धात घरे जमीनदोस्त होणे म्हणजे काय, हे मराठवाड्याने अनुभवले आहे. घराचा विमा अशा आपत्तीसाठी असतो. यंत्राची देखभाल हा त्याचा विषय नाही.

'घर' या संज्ञेत मात्र भिंती आणि छताखेरीज बरेच काही येते. भिंतीला, जमिनीला वा छताला कायमस्वरूपी जोडलेल्या वस्तू, पाण्याच्या पक्क्या टाक्या, सौर पॅनेल, वातानुकूलन यंत्रणा, इतकेच नव्हे तर घर गरम ठेवणारी केंद्रीय यंत्रणाही इमारतीचाच भाग मानली जाते. म्हणजे भिंतीवर पक्का बसवलेला गिझर विम्याच्या कक्षेबाहेर नसतो. तो कशामुळे निकामी झाला, हा खरा प्रश्न असतो.

कोठे पैसे मिळतात, कोठे नाही?

बोअरच्या जड पाण्यातील क्षार साचून गिझरची कॉइल जळाली, थर्मोस्टॅट निकामी झाला, टाकी गंजून गळू लागली, ही सारी वापराने होणारी झीज आहे. तिची भरपाई मिळत नाही.

शॉर्टसर्किटच्या बाबतीत नियम अधिक बारकाईने वाचावा लागतो. अतिवापर, अतिदाब, शॉर्टसर्किट, ठिणगी उडणे, आपोआप तापणे किंवा वीजगळती यांमुळे विद्युत उपकरणाचे झालेले नुकसान पॉलिसीतून वगळलेले आहे. परंतु हा अपवाद केवळ त्या विशिष्ट उपकरणापुरताच लागू होतो. समजा, गिझरमध्ये शॉर्टसर्किट होऊन आग लागली आणि न्हाणीघराचे दार, खोलीतील कपाट व छताचे प्लास्टर जळाले. अशा वेळी गिझरची किंमत मिळणार नाही, पण आगीने झालेल्या उर्वरित नुकसानीवर दावा करता येतो. गिझर गेला म्हणून दावाच न करणे ही मोठी चूक ठरते. टाकी फुटून पाण्याने फर्निचर खराब झाले, तरी हीच दृष्टी ठेवावी.

घरातील सामानाच्या विम्याचाही येथे विचार करावा. इमारतीचा विमा घेतल्यास सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आपोआप मिळते. उदाहरणादाखल, 800 चौरस फुटांच्या घराचा बांधकाम खर्च प्रति चौरस फूट 1,800 रुपये धरल्यास इमारतीची विमा रक्कम 14 लाख 40 हजार आणि सामानाची 2 लाख 88 हजार रुपये होते. मात्र बँकेमार्फत घेतलेला विमा जुन्या पद्धतीचा किंवा केवळ इमारतीपुरता असू शकतो. त्याची प्रत मागवून खात्री करावी.

वीज आणि गारपीट

मराठवाड्यात मान्सूनपूर्व व परतीच्या पावसात विजांचा धोका मोठा असतो. वीज थेट घरावर पडून सौर पॅनेल वा टाकी फुटली, तर ते यादीतील संकट आहे. पण वीज दूर कोठे तरी पडून तारांतून उच्च दाब आला आणि गिझर जळाला, तर वरील अपवाद लागू होऊ शकतो, कारण त्यात विजेमुळे होणाऱ्या अशा बिघाडाचाही समावेश आहे. म्हणून चांगले अर्थिंग आणि अतिदाबरोधक उपकरण यांवर केलेला खर्च वाया जात नाही.

सौर बंबाच्या काचेच्या नळ्यांना गारपिटीचे भय असते. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट मराठवाड्याच्या स्मरणात आहे. वादळासोबत आलेल्या गारांनी नळ्या फुटल्यास भरपाई मिळेल का, याचा लेखी खुलासा कंपनीकडून आधीच घ्यावा आणि सौर बंबाची नोंद प्रस्तावात स्वतंत्रपणे करावी.

गॅस गिझर असल्यास

स्वयंपाकाच्या गॅसमुळे अपघात झाल्यास तेल कंपन्यांनी घेतलेल्या सार्वजनिक दायित्व विम्याचा आधार मिळू शकतो. त्यात मृत्यूसाठी प्रतिव्यक्ती 6 लाख, उपचारांसाठी प्रतिव्यक्ती कमाल 2 लाख आणि नोंदणीकृत पत्त्यावरील मालमत्तेच्या हानीसाठी प्रतिघटना कमाल 2 लाख रुपयांची तरतूद आहे. अपघाताची माहिती वितरकाला तातडीने लेखी कळवावी. गॅस गिझर बंद न्हाणीघरात वापरल्यास विषारी कार्बन मोनॉक्साइड साचून जीव जाऊ शकतो, हे मात्र कोणत्याही विम्याने भरून निघत नाही.

बिघाडासाठी वेगळी सोय

दुरुस्तीचा खर्च हवा असल्यास वॉरंटी, वाढीव वॉरंटी किंवा वार्षिक देखभाल करार हे मार्ग आहेत. काही कंपन्यांच्या गृहस्थांसाठीच्या पॅकेज पॉलिसीत घरगुती उपकरणांच्या यांत्रिक व विद्युत बिघाडाचा स्वतंत्र विभाग असतो. तो घेताना उपकरणाच्या वयाची मर्यादा आणि घसाऱ्याची कपात विचारून घ्यावी.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हाच नियम भेटतो. तेथील घरविमा जुन्या झालेल्या फर्नेसची दुरुस्ती करून देत नाही. त्यासाठी 'होम वॉरंटी' वेगळी घ्यावी लागते. हिवाळ्यात गोठून नळ फुटल्यास भरपाई मिळते, मात्र घर उबदार ठेवण्याची वाजवी काळजी घेतलेली असावी लागते.

दावा कसा करावा?

नुकसान होताच कंपनीला कळवून छायाचित्रे काढावीत. सर्वेक्षकाने पाहण्यापूर्वी जळालेले उपकरण भंगारात देऊ नये. खरेदीची पावती, तंत्रज्ञाचा कारण नमूद केलेला लेखी अहवाल, आग असल्यास अग्निशमन दलाचा किंवा पोलिसांचा दाखला आणि नैसर्गिक आपत्ती असल्यास महसूल विभागाचा पंचनामा जपून ठेवावा. 'गिझर जळाला' एवढेच लिहिण्याऐवजी आग कोठून लागली आणि कोणकोणत्या वस्तू जळाल्या, हे वेगवेगळे नोंदवावे.

दावा नाकारला गेल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करावी. 30 दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास विमा लोकपालांकडे जाता येते. जालना जिल्ह्यातील रहिवाशांसाठी हे कार्यालय पुण्यात असून तेथे शुल्क लागत नाही. जालना येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा मार्गही खुला असतो. नाकारण्याचे कारण कंपनीकडून लेखी घ्यावे आणि पॉलिसीतील त्या अपवादाचे शब्द ताडून पाहावेत. तो अपवाद एका उपकरणापुरता असताना संपूर्ण दावा फेटाळला गेला असेल, तर दाद मागण्यास निश्चित आधार आहे.