वाकणाऱ्या पडद्याचं कवच

दुमडणाऱ्या फोनच्या पडद्याची कुळकथा ही मुख्यतः पाणी अडवण्याची कथा आहे. सेंद्रिय रेणूंना वीज देऊन उजळवणं आधी साधलं. हवेतल्या बाष्पापासून त्यांना वाचवण्यात पुढची दोन दशकं गेली.

१९८७ साली अमेरिकेत रॉचेस्टरला, ईस्टमन कोडॅक कंपनीत चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी काचेवर दोन सेंद्रिय थर चढवले. दोन्ही मिळून जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून कमी. दहा व्होल्टच्या आतच त्यातून लख्ख हिरवा प्रकाश आला. आजच्या ओएलईडीचा, म्हणजे सेंद्रिय थरांच्या दिव्याचा, हा मूळपुरुष. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात सांता बार्बरा इथे ॲलन हीगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काचेऐवजी पीईटी प्लास्टिकची फिल्म वापरली. तो दिवा वाकवला तरी जळत राहिला.

त्या दिव्याचा ऋणाग्र होता कॅल्शियमचा. असे धातू इलेक्ट्रॉन सहज सोडतात, पण पाण्याशी तितक्याच सहज अभिक्रिया करतात. धातूच्या थरातल्या सुईच्या टोकाहून बारीक छिद्रातून बाष्प शिरतं, तिथला ऋणाग्र निकामी होतो आणि उजळलेल्या भागात गोल काळा डाग उमटतो. डाग वाढतच जातो. काचेच्या दिव्यावर झाकण बसवून, कडा इपॉक्सीने सांधून, आत बाष्प शोषणारी पूड ठेवून भागत होतं. पण ते झाकण वाकत नव्हतं. आणि साध्या पीईटी फिल्ममधून दिवसाला चौरस मीटरमागे काही ग्रॅम बाष्प आरपार जातं. ओएलईडीला चालतं ते ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाइतकंच.

तोड निघाली वॉशिंग्टन राज्यातल्या रिचलंडच्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या कामातून. ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर पाणी अडवतो, पण त्यालाही छिद्रं असतात; जाड केला तर तडकतो. म्हणून निर्वात पेटीत ॲक्रिलेट या प्लास्टिक बनवणाऱ्या रसायनाची वाफ पृष्ठभागावर द्रवरूपात जमवून, अतिनील प्रकाशाने घट्ट करून, वर पुन्हा ऑक्साइड चढवायचं, आणि असे अनेक पापुद्रे रचायचे. एका थरातली छिद्रं दुसऱ्यातल्यांसमोर येत नाहीत. आत शिरलेल्या पाण्याला पुढचं छिद्र गाठायला आडवं सरपटावं लागतं, आणि त्यात त्याची वर्षं जातात. विटेक्स कंपनीने हे तंत्र ‘बॅरिक्स’ नावाने बाजारात आणलं; पुढे ते सॅमसंगकडे गेलं.

कवचाची परीक्षा पुन्हा कॅल्शियमच घेतं. त्याचा आरशासारखा पातळ थर कवचाखाली ठेवतात. पाणी पोचलं की चकाकी जाऊन तो पारदर्शक होतो. किती भाग निवळला, यावरून गळती मोजतात.

मग उरला प्रश्न कारखान्याचा. काचेवर पॉलिइमाइड या प्लास्टिकचं द्रावण ओतून, तापवून, त्याच्यावर सगळे थर चढवतात आणि शेवटी खालून लेझर मारून काच सोडवतात. २०१३ मध्ये सॅमसंग आणि एलजीचे वक्राकार फोन आले, २०१९ मध्ये सॅमसंगचा दुमडणारा. घडीत बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. म्हणून नाजूक थर शक्यतो मधोमध, ताण सर्वांत कमी असतो तिथे ठेवतात.

२०१९ मध्येच काही समीक्षकांनी नव्या फोनवरची फिल्म विक्रीचं वेष्टन समजून सोलली आणि पडदे बिघडले. ती फिल्म पडद्याचाच भाग होती. तेव्हा घडीचा फोन घेतलात, तर कारखान्यातून लागून आलेली फिल्म स्वतःच्या हाताने काढू नका.